मस्कतचा गोलकीपर

गेल्या वर्षी दौंडविरुद्धच्या मॅचला मी अकरा वर्षं आमच्या गोलात उभा असलेला गोलकीपर काढला आणि मस्कतच्या लीगमधला एक जण गोलात उभा केला. या गृहस्थाने मस्कतमध्ये दोन वर्षांत एकही मॅच खेळलेली नव्हती. ते मला मॅच संपल्यावर कळलं. त्याने लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

काढलेला गोलकीपर म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. केंदूरचा. रांजणगावच्या कारखान्यात एसी दुरुस्तीवर होता आणि मॅचनंतर पंधरा दिवसांनी दोह्याला नोकरीला जायचा होता. दोन वर्षांचा करार, पुढचं पुढं. जन्मात त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "दाजी, जायच्या आधी दौंडची मॅच तेवढी खेळून जातो." मी म्हणालो होतो, "अरे, तुझ्याशिवाय गोलात आहे कोण?" हे वाक्य आठवलं की आजही तोंडात कडू कारल्याची चव येते.

आमच्याकडे दर वर्षी दिवाळीनंतर शिरूर तालुका विरुद्ध दौंड तालुका अशी फुटबॉलची मॅच होते. एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. नियम एकच. खेळणारा तालुक्यात जन्मलेला पाहिजे, मग नोकरीला कुठंही असो. शाळेचा दाखला बघतात. देशाच्या टीमचाच नियम, फक्त पासपोर्टच्या जागी दाखला. दौंडला रेल्वेमुळे हा खेळ जुना आहे. तिथं आजोबा, बाप आणि नातू एकाच मैदानावर गुडघे झिजवून घेतात. आमच्याकडे तो कारखान्यांबरोबर आला. केरळचे, बंगालचे, मणिपूरचे कामगार रविवारी खेळायचे. आमची मंडळी आधी कडेला उभी राहून हसायची, मग हळूच आत शिरली. निकाल व्हायचा तोच होतो. आम्ही हरतो, आणि बरोबरीत सुटलो तर फटाके लावतो.

आमच्या तालुक्याची टीम उभी करणाऱ्या मंडळाचा मी सचिव. फुटबॉल मी स्वतः आयुष्यात एकदाच खेळलो, त्यात मारलेला एकमेव गोल आमच्याच गोलात गेला. पण बॉलमध्ये हवा भरायचा पंप माझ्याकडे होता, म्हणून सचिव झालो. आपल्याकडे माणसं याहून कमी लायकीवर याहून मोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत, त्यामुळे मला संकोच वाटला नाही.

संकोच वाटला नाही, पण विद्या मात्र चढली. कतारच्या वर्ल्ड कपात मोरोक्को उपांत्य फेरीपर्यंत गेलं, तेव्हापासून मी मोबाईलवर वाचायला लागलो. त्यांचे बहुतेक खेळाडू युरोपात खेळतात म्हणे. क्रोएशिया एवढासा देश, लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाही. त्यांचेही मोठे खेळाडू बाहेरच. अर्जेंटिनाचे तर जवळजवळ सगळेच. म्हणजे काय, तर बाहेर खेळायला गेलं की टीम सुधारते. इतका साधा सिद्धान्त आपल्या देशाला का कळत नाही, असं मी कंपनीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर रोज विचारायचो. लोक चहा पीत असायचे, त्यांना तोंड उघडता येत नसे. ती शांतता मी मान्यता समजत होतो.

एकदा आमच्या खात्यातला केरळचा वेल्डर मध्येच बोलला. "साब, सौदी का पूरा टीम घर में खेलता था. फिर भी अर्जेंटिना को हराया ना?"

"हराया. फिर आगे सौदी का क्या हुआ?"

"आगे... बाहर हो गया."

"और अर्जेंटिना?"

"कप ले गया."

"बस!" मी पेला असा आपटला की चहा त्याच्या बुटावर सांडला. त्याने बूट पुसला आणि कामावर गेला. मी मात्र जिंकलो होतो. एका वेल्डरला चहाच्या टपरीवर हरवणं हे माझ्या फुटबॉल कारकिर्दीचं शिखर, आणि त्याच शिखरावरून मी टीम निवडायला उतरलो.

आमच्या तालुक्यात जन्मून बाहेर कुठल्या ना कुठल्या लीगमध्ये असलेले सात जण मी शोधून काढले. पुण्याच्या क्लबात तिघे, गोव्यात एक, मुंबईत दोघे आणि मस्कतला कंपनीच्या टीममध्ये एक. हा मस्कतवाला करार संपवून न्हावऱ्याजवळच्या आपल्या गावी परत आला होता. त्याचा टीमबरोबरचा फोटो मी बघितला. हिरवा टी-शर्ट, हातात ग्लोव्ह्ज, मागे खजुराचं झाड. एवढ्या पुराव्यावर लोक मुली देतात, मी गोल दिला.

मंडळाचे अध्यक्ष आबा. उसाचे मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, फुटबॉलशी संबंध उद्घाटनापुरता. त्यांची सगळी समज कुस्तीची. मी यादी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्येच! आपला पैलवान गावात हुता तवर नुसत्या म्हशी वळायचा. कोल्हापूरच्या तालमीत चार वर्सं ऱ्हायला आन् यात्रंत शेवटची कुस्ती मारली. बाहेरचं पानी लागतं गड्याला."

ही आमच्या भागाची खोड आहे. यात्रेला बाहेरच्या तालमीतून पैलवान आणायचा, सकाळी त्याची मिरवणूक काढायची, संध्याकाळी त्याने समोरच्याला चीतपट करायचं. त्याला इथं कुणाचीच ओळख लागत नाही, कारण आखाड्यात तो एकटाच असतो. फुटबॉलमध्ये बाकीचे दहा असतात, ही बारीकशी गोष्ट ना आबांच्या लक्षात आली, ना माझ्या. आबांचं मी समजू शकतो.

मॅचची तारीख ठरवायला मी दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला गेलो. दौंडची टीम तिथले एक मामा निवडतात. आजोबांपासून रेल्वेत असलेलं मुस्लिम घराणं, स्वतः लोको शेडमधून निवृत्त. ते बरोबर वरवंडच्या एका खेळाडूला घेऊन आले होते. चहा सांगितला आणि मी बॉम्ब टाकला.

"मामा, यंदा आमचे सात जण बाहेरच्या लीगमधले."

"वा वा. आन् शिरूरला किती खेळतात?"

"अहो, सात बाहेरचे म्हणल्यावर..."

"ते कळलं, भाऊ. शिरूरला, एकामेकासंगं, किती?"

मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं.

"आमच्यातला बी एक गेलाय की कोलकत्याला," मामा म्हणाले. "लई सुधारला. पर मॅचच्या म्हैनाभर आधी येनार आसंल तरच घेतो. गेल्या साली दोन दिस आधी आला, न्हाई घेतला. त्याची आई अजून माझ्याशी बोलत न्हाई. पोरानं बाहेर जायलाच पायजे, भाऊ. पर परत आल्यावर घरात चपला कुठं काढतात ते ध्यानात पायजे."

वरवंडवाला हसला. मला वाटलं, म्हातारा घाबरला. परतताना मी गाडीत एकटाच शीळ घालत होतो.

मेव्हण्याला सांगायचं धाडस मी रविवारी जेवताना केलं, तेही त्याचं तोंड भरलेलं असताना.

"यंदा जरा प्रयोग करतोय. गोलात मस्कतवाला."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "तिकडं गोल किती खाल्ले त्यानं?"

"ते नाही विचारलं."

"बरं." तुकडा आमटीत बुडवून म्हणाला, "मग मी राखीव का?"

"राखीव म्हणजे... पुण्याचा एक जण गोलातही खेळतो आणि पुढेही, म्हणून ती जागा..."

बायकोने आमटीचा डाव पातेल्यात सोडला. "म्हंजी राखीवबी न्हाई? अहो, त्यो चाललाय! पुढल्या साली कुठला खेळतोय?"

मी तिला मोरोक्कोची हकिकत सांगितली. शांतपणे, मुद्देसूद.

"मोरोक्को कुठं आलं?" तिने विचारलं.

"आफ्रिकेत."

"मग तिकडंच जाऊन जेवत जावा."

मेव्हणा उठला. ताट धुऊन ठेवलं, बहिणीला "येतो" म्हणाला आणि गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी प्रत्युत्तराची तयारी करून बसलो होतो.

आता त्या दिवसाची गोष्ट. मॅच शिरूरला, दुपारी चारची. आबांनी ठरवलं, बाहेर नाव काढलेल्या सात जणांचा आधी सत्कार. कुस्तीत तसंच असतं. मांडव मैदानातच घातला, कारण सावलीची दुसरी जागा नव्हती, आणि त्याच्या खांबांचे खड्डे नेमके गोलासमोर पडले. सात जणांना आबांच्या मळ्यावर मटण-भाकरी. आमच्या घरच्या चार खेळाडूंना वडापाव, कारण त्यांचा सत्कार नव्हता. खुर्च्याही त्यांनीच लावल्या. जो रोज खेळतो तो खुर्च्या लावतो आणि जो दोन दिवसांपूर्वी एसटीतून उतरला त्याला शाल. या दृश्याची मला त्या वेळी शिसारी आली असती तर मी माणूस म्हणून थोडा बरा निघालो असतो. मी तेव्हा माईक तपासत होतो. "हॅलो, हॅलो, वन टू थ्री."

फेटे बांधणारा आला नाही. लग्नसराई सुरू झाली होती, त्याला दुसरीकडे वराती होत्या. आमच्यात झकास फेटा बांधता येणारा एकच माणूस, माझा मेव्हणा. तो बहिणीबरोबर मॅच बघायला आला होता. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "जरा हात लाव की."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

त्याने सातही फेटे बांधले. मस्कतवाल्याचं डोकं लहान, त्याचा फेटा सारखा घसरत होता. मेव्हण्याने तो सोडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा बांधला. "मान हलवा. आता? घट्ट न्हाई ना झाला?" मस्कतवाला भला माणूस. अवघडून त्याने विचारलं, "तुमी कुठं खेळता?"

"मी खेळत न्हाई. फेटे बांधतो."

माझी बायको दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून तिने बराच काळ माझ्याकडे बघितलं नाही, वाढताना भांड्याकडे बघायची.

भाषणं दीड तास चालली. आबा कोल्हापूरच्या पैलवानावर बोलले. माजी सरपंच आबांवर बोलले. मी मोरोक्कोवर बोललो. दौंडची टीम तोवर दोनदा अंग गरम करून दोनदा गार झाली आणि लिंबाखाली जाऊन बसली. मामा तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. अखेर मांडव उठला, खड्ड्यांत माती लोटली आणि शिट्टी झाली.

आमचे सात जण वाईट खेळत नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ते फार चांगलं खेळत होते, पण प्रत्येक जण आपापल्या गावची मॅच खेळत होता. पुण्यातला खेळाडू पास द्यायचा तो त्याचा पुण्यातला जोडीदार जिथं असता तिथं, आणि तिथं फक्त चुन्याची रेघ होती. गोव्याहून आलेला बॉल पायात ठेवून वाट बघायचा, कुणाची ते त्यालाच माहीत. मध्यंतरात दोघे जण एकमेकांना नाव विचारताना मी स्वतः ऐकलं.

पहिला गोल असा झाला. आमचा घरचा बचावपटू, अकरा वर्षं मेव्हण्यापुढे खेळलेला. अडचणीत आला की हा मान न वळवता बॉल मागे उजव्या खांबाकडे सोडतो, कारण मेव्हणा तिथं असतोच. त्याने तसाच सोडला. मस्कतवाला हल्लीच्या पद्धतीप्रमाणे बराच पुढे येऊन उभा होता. त्याचं चुकलं नव्हतं, बाहेर तसंच शिकवतात. बचावपटूचंही चुकलं नव्हतं, इथं तसंच जमत आलं होतं. बॉल मस्कतवाल्याच्या बाजूने निवांत गोलात गेला, ओळखीच्या घरात पाहुणा शिरावा तसा. दौंडचा कुणीही जवळपास नव्हता. मध्यंतराला शून्य-तीन.

उत्तरार्धात मेव्हणा गोलामागे जाऊन उभा राहिला, बाहेर गेलेले बॉल आणून द्यायला. आणि तिथून त्याला राहवेना. "मान वळव! उजवीकडं माणूस हाय! मस्कतवाले, दोन पावलं मागं!" बचावपटूच्या कानाला तो आवाज सवयीचा. मस्कतवाल्यानेही ऐकलं. वीस मिनिटं एक गोल झाला नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले.

आणि मी, मंडळाचा सचिव, मैदानाला वळसा घालून धावत गोलामागे गेलो आणि त्याला म्हणालो, "गोलामागून सूचना देणं नियमात बसत नाही."

रेफ्रीची तक्रार नव्हती. मामांची नव्हती. नियम मी मोबाईलवर वाचला होता.

तो म्हणाला, "बरं, दाजी." हातातला बॉल खाली ठेवला आणि दुचाकी काढून घरी गेला. राहिलेल्या वेळात आणखी दोन गोल झाले. शून्य-पाच. शिरूरच्या मैदानावर एवढा मार आम्ही कधी खाल्ला नव्हता.

मॅच संपल्यावर मस्कतवाला ग्लोव्ह्ज काढत बसला होता. मी धीर द्यायला गेलो. म्हणालो, "होतं असं. तिकडच्या लीगची सवय वेगळी."

"दोन वर्सांत पयलीच मॅच, साहेब."

"पहिली म्हणजे?"

"तिथं मी तिसरा कीपर. सराव रोज, मॅचला बाकावर. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मामा हात मिळवायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा तो केंदूरचा कीपर दिसला न्हाई? आमची समदी त्यालाच भिऊन हुती."

पंधरा दिवसांनी मेव्हणा गेला. विमानतळावर पाया पडला. मी त्याची बॅग उचलायला पुढे झालो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, जड हाय."

बाहेर खेळल्याने देशाची टीम सुधारते का? मला अजून माहीत नाही, आणि आता कुणी टपरीवर हा विषय काढला की मला चहा नको होतो. इटलीने एकदा सगळेच्या सगळे घरच्या लीगमधले खेळाडू घेऊन वर्ल्ड कप जिंकला, हेही मी पुढे वाचलं. दोन्ही बाजूंना दाखले आहेत, हवा तो उचला. मला वीट आलाय तो उचलणाऱ्यांचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा. आपल्या देशाची टीम हरली की आम्ही म्हणतो, पाठवा रे बाहेर सगळ्यांना. तिथं जाऊन खेळणार की बाकावर बसणार, परत आल्यावर एकमेकांबरोबर किती दिवस असणार, हे विचारायला वेळ कुणाला आहे? बाहेर गेला एवढं पुरतं. मैदानावर गवत नाही, संध्याकाळी दिवा नाही, खड्डे सत्काराच्या मांडवाचे.

यंदाची मॅच दौंडला आहे. गेल्या महिन्यात बैठक झाली. आबांनी मोबाईल पुढे केला. त्यात मेव्हणा दोह्याच्या कुठल्याशा हिरव्यागार मैदानावर बॉल अडवत होता. "ह्यो तुमचा मेव्हना ना? तिकडं लीगमधी खेळतोय म्हनं. बोलवा त्याला! बाहेरचा हाय!"

केंदूरहून रोज दुचाकीवर सरावाला येत होता, तेव्हा तो कुणाला दिसला नव्हता. तोच माणूस, तेच हात. मी उठून बाहेर जाऊन तोंड धुतलं. मग आत येऊन म्हणालो, "विचारतो."

हो, मीच. रविवारी दुपारी फोन लावला. बायको शेजारी लसूण सोलत बसली होती, तिने स्पीकर लावायला सांगितला.

"अरे, व्हिडिओ बघितला. काय सुधारलास!"

"दाजी, तिथंबी मी दुसरा कीपर हाय. पैला कन्नूरचा. आतापातूर दोनच मॅच खेळलो. पायानं बॉल मारायला शिकलो, पुढं येऊन उभा ऱ्हायला शिकलो. पर दर हप्त्याला मॅच नसली की नजर मंद हुती. काय सुधारलं आन् काय गेलं ते मैदानात बघावं लागतंय. मोबाईलमधी न्हाई दिसत."

मी मुद्द्यावर आलो. "दौंडची मॅच आहे. गेल्या वर्षी माझं चुकलं. तू खेळावंस असं सगळ्यांना वाटतं. मलाही."

पलीकडे एसीचा घरघर आवाज येत होता. बायकोचे हात थांबले होते.

"मला खेळायचीच हाय," तो म्हणाला. "सुट्टी टाकलीय. वीस दिस आधी येतो, रोज समद्यांसंगं सराव करतो. पर एक अट हाय."

"कळली. सत्कार नको. नाही करत. आबांना मी सांगतो."

"सत्काराचं काय न्हाई हो, दाजी. टीम निवडायला तुम्ही नसला, तर येतो."